दोन दिवस पुरणारी बादली

दादा,

मी ॲडमिट व्हायला निघाले आहे. तू झोपला होतास, उठवलं नाही. वहिनी गेल्यापासून तुला उठवून उपयोग तरी काय होतो?

तू मागवलेला पंप माळ्यावर टाकलाय. चौदा कुंड्यांना एवढं धूड कशाला? काल लावून पाहिला तर ठिबकच्या नळीवरचे ड्रिपर लाह्यांसारखे उडाले आणि गुलाबाची मुळं उघडी पडली. आता फिशटँकचा छोटा पंप बादलीत सोडलाय. मोठ्या कुंड्यांना तासाला चार लिटरचे ड्रिपर, लहानांना दोनचे. रोज सकाळी सातला पंधरा मिनिटं आपोआप चालेल. पण बादली रिकामी राहिली तर पंप कोरडा फिरून जळेल, आणि या उन्हात वहिनीची झाडं माना टाकतील.

दुकानदार म्हणत होता, "ताई, मोठं पिंप घ्या, महिनाभर बघायला नको." मी मुद्दाम घेतलं नाही. ही बादली दोनच दिवस पुरते.

ऑपरेशनचं डॉक्टर धड काही सांगत नाहीत. मी परत आले नाही, तरी दिवसाआड तुला अंथरुणातून उठावंच लागेल.

तुझी धाकटी