शेवगावला गाडी जात नाही

अहमदनगर, ता. २१ ऑक्टोबर १९४४

चि. सौ. विजया हिस दादाचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

भाऊबिजेला मी निघालो होतो, हे आधी ध्यानात घे. पण लढाईपायी पेट्रोल नाही, म्हणून शेवगावच्या मोटरीच्या मागं कोळशाची भट्टी टांगलेली, तिच्या गॅसवर ती चालवायची. वर छगन ड्रायव्हरनं मलाच ऐकवलं की करंजीच्या घाटात मास्तरांनी बी उतरून ढकलायला लागंल. कोळसाच जाळायचा तर वाफ करा, रूळ टाका. हे कसलं सोंग? मी तिथूनच परत फिरलो.

रजा फुकट जाऊ नये म्हणून मनमाडला गेलो. नवं अमेरिकन इंजिन आलंय, पाहून डोळ्यांचं पारणं फिटलं. आपला दौंड-मनमाड रेल्वेचा रस्ता दुष्काळातल्या माणसांनी माती वाहून घातला, असं आबा सांगत. तेव्हाच तो शेवगावावरून न्यायला सरकारचं काय जात होतं? त्यांची चूक मी भोगतोय. तू नगरला आलीस की ओवाळणी घालीन. मार्तंडरावांना नमस्कार सांग, आणि मुलांना पापे.

तुझा,
यज्ञेश्वर

शेवगाव, ता. २६ ऑक्टोबर १९४४

तीर्थरूप दादास विजयाचा सा. न. वि. वि.

तुझ्या डोळ्यांचं पारणं फिटलं हे वाचून धन्य झाले. लग्न होऊन मला बारा वर्षं झाली. तेवढ्यात तू इटारसी पाहिलीस, जबलपूर पाहिलंस, नर्मदेवरचा पूल बघायला भर उन्हात गेलास. चाळीस मैलांवरचं शेवगाव तेवढं राहिलं. इथं रूळ नाहीत हे खरं. पण मला इथं देताना कुणी टाइमटेबल बघितलं होतं का?

दर दिवाळीला पोरं घेऊन मीच येते, त्याच मोटरीतून, आणि घाटात मीही ढकललीय. यंदा ह्यांना ताप होता म्हणून तुला बोलावलं. पाट मांडून बसले. शेवटी बीजेची कोर मावळायच्या आत अंगणात जाऊन तिलाच ओवाळलं. भाऊ नसलेली बाई चंद्राला ओवाळते, हे शेजारच्या गोजरबाईला ठाऊक. तोंडाला पदर लावून तिनं विचारलं की मास्तर कदी गेलं, आमाला कळलं बी न्हाई. भाऊ सुखरूप आहे म्हटलं, तर मग आला का नाही, हा तिचा पुढचा प्रश्न. आता उत्तर कळलंय, पण इंजिनाचं तिला कुठल्या तोंडानं सांगू?

लोभ असावा असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिते.

तुझी धाकटी,
विजया

तिसगाव, ता. २ नोव्हेंबर १९४४

चि. सौ. विजया हिस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून आधी भडकलो, मग मोटरीत बसलो. घाटात ढकलली. तिसगावात भट्टी विझली, आता उद्या निघेल म्हणतात. सूर्यभान नावाचे गृहस्थ घोडीवरून शेवगावला निघालेत, त्यांच्याबरोबर ही चिठ्ठी देतोय.

त्यांनी विचारलं की घर कुठल्या आळीला, खूण काय. दौंडपासून मनमाडपर्यंतची स्टेशनं मी झोपेत म्हणेन, पण ह्यांना सांगता येईना. इतकी वर्षं मार्तंडरावांचं नाव नि शेवगाव लिहिलं की पोस्टमन पोचवायचा. गावात विचारा म्हटलं, तर ते हसले आणि म्हणाले की मास्तर, सख्खी भन हाय ना तुमची? असा संताप आला, आणि तो काढायला कुणी सापडेना.

मोटर थांबते तिथं उद्या ये. कुणाला पाठवू नकोस. तुझं घर मला तूच दाखव.

राग असेल तेवढा असू दे, लोभही ठेव.

तुझा,
दादा