मधेच ‘समाप्त’

दुम्यात, शनिवार

तीर्थरूप बहजतमामांस, हिल्मीचा आदराने सलाम. गुडघे कसे आहेत? साखर तपासली का? (तपासली नसेल तर पत्र वाचून झाल्यावरच तपासा, आधी नको.) मामींना सांगा, त्यांनी पाठवलेली लोणच्याची बरणी पोचली, फुटलेली होती, पण चव चांगली होती. इथे सगळे खुशाल. माझी पाठ दुखते, पण ती माझ्याइतकीच जुनी आहे, तिच्याकडून फार अपेक्षा नाही.

गुरुवारी तुम्ही येताय. नवा कोट शिवायला टाकलाय असं मामी फोनवर म्हणाल्या. तुम्ही काढलेला ‘मीठ आणि अझीझा’ कैरोत आठ दिवस चालला, तुम्ही पहिल्याच खेळाला मध्यंतरात उठून गेलात आणि पुढे जन्मभर लोकांच्या लग्नांचे फोटो काढलेत. तोच सिनेमा आमच्या उघड्या अंगणातल्या उन्हाळी थिएटरात एकतीस वर्षं दर ऑगस्टला लागतो आणि भिंतीवरसुद्धा माणसं बसतात. आता जपून ठेवण्याजोग्या सिनेमांची यादी करायला कैरोची समिती येणार, तुम्हाला मंचावर बसवणार. हे सगळं रास्तच आहे. फक्त एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहून गेली. एकतीस वर्षांत तशी संधी मिळाली नाही असं मी म्हणणार नाही.

तुम्हाला आठवत असेल, प्रिंट एकच होती. समुद्रावरच्या रास-अल-बरच्या थिएटरात ती साडेसातला लागायची आणि मग सहा रिळं डबे पोचवणाऱ्या रियादच्या मोटारसायकलवरून आमच्याकडे साडेनवाच्या खेळाला यायची. मोटारसायकलवर तीनच डबे मावत, म्हणून दोन खेपा. पहिल्या रात्री रियादने पहिल्या खेपेला एक, दोन आणि सहा नंबरचे डबे आणले. (का, हे त्याने शेवटपर्यंत सांगितलं नाही. हाताला लागले ते आणले असणार. अल्ला त्याला शांती देवो, चालवायचा मात्र छान.) दुसऱ्या खेपेला नदीवरचा पूल बोटींसाठी उघडला आणि तो पलीकडे अडकला. दुसरं रीळ संपलं. अंगणात चारशे सुतार, आमचं गावच सुतारांचं. खुर्च्या त्यांनीच बनवलेल्या, त्यामुळे कुठे धरल्या की मोडतात हेही त्यांना पाठ. मी सहावं लावलं.

तर तिसऱ्या रिळाच्या जागी अझीझाचा बाप वारला. दफन झालं. पडद्यावर ‘समाप्त’ आलं. लोकांना वाटलं मध्यंतर, ते चहाला गेले. तेवढ्यात रियाद पोचला. मी चौथं लावलं, पाचवं लावलं. तिसरं उरलं. फळीवर तिसऱ्या खणात सहावं ठेवलेलं होतं, म्हणून सहाव्या खणात तिसरं ठेवलं होतं आणि सहाव्याची पाळी आली तेव्हा ते लावलं. एवढाच माझा विचार. त्यात कला नव्हती.

मामा, तुमचा सिनेमा तुम्हालाच सांगतोय, कारण इथला तुम्ही पाहिलेला नाही. इथे बाप आधी मरतो. चहानंतर तो घरी येतो, मुलीवर ओरडतो, तिला कोळ्याशी लग्न करू देत नाही, ती पळून जाते. तो परत कसा आला, हे पडद्यावर कुणी विचारत नाही आणि अंगणातही कुणी विचारलं नाही. बाप आहे, येणारच, असं लोक म्हणाले. आणि शेवटी तुमचं ते तिसरं रीळ, ज्यात काहीच घडत नाही. बाप आणि अझीझा मासळी खात बसलेत. तो काटे काढून तिच्या ताटात तुकडे ठेवतो. ती हसते. रीळ संपतं. ‘समाप्त’ येत नाही, कारण ते चहाच्या आधीच येऊन गेलेलं असतं. म्हणून कुणी उठत नाही. मी दिवे लावीपर्यंत चारशे सुतार अंधारात डोळे पुसत असतात.

दुसऱ्या दिवशी मी रिळं नीट क्रमाने लावली. अकरा खुर्च्या गेल्या. तेव्हापासून एक, दोन, सहा, चार, पाच, तीन.

मागच्या महिन्यात समितीच्या डॉक्टर नादिरा येऊन पाहून गेल्या. वही भरली. धाडसी रचना म्हणाल्या. मी होय म्हणालो. दरवर्षी भोपळ्याच्या बिया घेऊन पहिल्या रांगेत बसणाऱ्या उम्म जलीलाला त्यांनी विचारलं, हा सिनेमा टिकला कशामुळे. ती म्हणाली, “बाई, ह्यात चहाला कधी उठायचं ते ठाऊक असतं. आणि शेवटी उठवत नाही. आणखी काय हवं माणसाला?” बाईंनी तेही लिहून घेतलं.

इथवर ठीक होतं. पण बाईंना कैरोत मूळ निगेटिव्ह सापडली आणि त्यांनी स्वखुशीने नवी कोरी प्रिंट काढून पाठवली. तुमच्या क्रमाची. काल दुपारी तिकीटघराच्या मागच्या खोलीत भिंतीवर लावून पाहिली. उम्म जलीला सोबत होती. सगळं पाहून ती बिया न संपवता उठली. “हा कुणी काढलाय रे? ह्यात माणूस मरतो आणि मरूनच राहतो.”

मी तुमचं नाव न घेता रीळ गुंडाळायला घेतलं. तुम्ही माझ्या आईचे भाऊ.

गुरुवारी ही प्रिंट लागली तर आधी खुर्च्या जातील, मग यादीतलं नाव जाईल आणि तुम्ही नव्या कोटात मंचावर बसलेले असाल. एकदा उठून गेलात, आता गुडघे तसे राहिले नाहीत. म्हणून हे लिहितोय. रागावणं तुमचा हक्क आहे. पण येऊन रागवा.

तुमचा भाचा,
हिल्मी

ता.क. सोबत एक कागद आहे. डॉक्टर नादिरांचं म्हणणं, दोन क्रमांतला दिग्दर्शकाचा कोणता ते दिग्दर्शकाने सही करून कळवावं. मी मजकूर लिहून ठेवलाय: एक, दोन, सहा, चार, पाच, तीन हा क्रम पहिल्यापासून माझ्या मनात होता. खाली फक्त सही. माझं नाव कुठेही घेऊ नका, मला कशाला हवं.

ता.क. २. पाकीट चिकटवल्यावर मामींचा फोन आला. मला राहवलं नाही, मी त्यांना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, त्यांना ठाऊक आहे. तेरा वर्षांपूर्वी तुम्ही औषध आणायला म्हणून घरातून निघालात, ते दुम्यातला येऊन भिंतीवर बसून पाहून गेलात आणि परत जाऊन त्यांना म्हणालात, “गाढवाने सिनेमा नीट केला. पण त्याला सांगू नकोस.”

ता.क. ३. पाकीट फोडलं. पहिला कागद फाडून नवा घातलाय. त्यावर सह्यांच्या दोन जागा आहेत. तुमची वर, माझी खाली. माझी मी करून ठेवली आहे. ती जरा मोठी झाली आहे, तिच्याकडे लक्ष देऊ नका, तुमची उरलेल्या जागेत बसेल.