करडीचा हत्ती

करडी, ११ फेब्रुवारी १९७९

चि. जागेश्वर यास ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या फिल्मवाल्यांना एकदा घेऊन ये बाबा. तुझ्या भाऊजींचा हत्ती आता सोंडेपासून शेपटीपर्यंत पुरा गावभर झाला. शाळेच्या भिंतीवर सोंड रंगवली, गिरजाबाईच्या घरावर कान, आणि शेपूट आपल्याच गोठ्यावर! डोळा तेवढा बाकी आहे. बाहेरचं कोणी पाहायला आलं की डोळा काढीन, मग घरात राहीन, म्हणतात. तोवर निजणं गोठ्यात, जेवणं उभ्यानं. रोवणी-कापणी मी एकटीच करते. थकले रे.

मुंबईच्या धावपळीत ताईची आठवण ठेव.
ललिता

मुंबई, ६ मार्च १९७९

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

आमचे साहेब अशाच मोठाल्या चित्रांवर आणि चक्रम माणसांवर माहितीपट काढतात. श्रावणभाऊजींमध्ये त्यांना दोन्ही एकदम मिळाले, म्हणून भारी खूश आहेत. पाडव्यानंतर येतील. मला दुसऱ्या कामावर धाडलंय, त्यामुळे मी नाही. पाहुणे येणार म्हणून गावात सांगून ठेव.

रागावू नकोस, माया असू दे.
तुझा जागेश्वर

करडी, १४ एप्रिल १९७९

चि. जागेश्वर यास अ. आ.

तुझे साहेब येऊन गेले. तू सांगितलंस तसं मी गावात सांगितलं. मुंबईचे पाहुणे म्हटल्यावर लग्नघरासारखी सगळ्या बायांनी पांढरी माती आणली आणि घरंदारं सारवून काढली. शाळाही सोडली नाही. मी दिवसभर शेतावर, धानाच्या बांधीत, आणि हे डोळ्यासाठी काळा रंग आणायला भंडाऱ्याला गेलेले. साहेबांच्याच जीपमधून परतले, तर अख्खं गाव पांढरंफटक, आणि बाया आरती घेऊन उभ्या! गिरजाबाईनं कौतुकानं विचारलं, भिंती कशा दिसून राहिल्या? हे म्हणाले, बेस दिसून राहिल्या. रागवायचं तरी कोणावर? साहेबांनी गोठ्यातल्या खाटेचे फोटो घेतले अन् गेले.

त्या दिवसापासून हे घरात आहेत. पाय धुऊन पाटावर बसतात, वेळेवर निजतात, बांधीत माझ्या आधी पोचतात. एवढी वर्षं मी हेच मागत होते. पण मान वर करत नाहीत रे. काल विचारलं, उद्या कोणतं काम करू? लहान पोरासारखं, मला विचारून.

आज सकाळी गिरजाबाईकडे गेले आणि तिची भिंत मागितली. आत्ताच तर सारवली, मग कायले पाहिजे, म्हणाली. मी म्हटलं, मले माझा माणूस पाहिजे.

तब्येतीला जप, आणि ताईवरचा जीव कमी करू नकोस.
ललिता