खाडीला दिलेला आठवा थेंब

ती. ताईस,
धाकट्याचा साष्टांग नमस्कार (पत्रात घालायला सोपा, गुडघ्यांना पत्ताही लागत नाही). तुझ्या रक्तदाबाचं कसं आहे? डॉक्टरांनी मीठ बंद केलं असेल, तर निदान त्यांच्यासमोर तरी खाऊ नकोस. इकडे तुझी भावजय मजेत आहे, मी ठणठणीत आहे. खाडीचं मात्र जरा सविस्तर सांगायला लागेल.

निवृत्तीनंतर काहीतरी करावं म्हणून (म्हणजे घरात बसून तुझ्या भावजयीच्या कामात चुका काढू नयेत म्हणून) मी खाडीचं पाणी तपासणाऱ्या मंडळींत गेलो, हे तुला ठाऊक आहेच. महिन्यातून एक रविवार धक्क्यावर जायचं, बाटलीत पाणी भरायचं, औषधं घालून ते निळं करायचं आणि मग दुसऱ्या औषधाचे थेंब मोजत टाकायचे, निळा रंग पार जाईपर्यंत. जितके थेंब लागतील तितका पाण्यात प्राणवायू. आठ थेंबांना खाडी पास. सलग तीन महिने नापास झाली, की आमच्या प्रमुख परिचारिकाबाई (इस्पितळातून निवृत्त झाल्या, पण अजूनही आपल्याला ताप असल्यासारखंच बघतात) नगरपालिकेला कळवणार आणि वरच्या अंगाच्या कापड रंगवण्याच्या कारखान्याचं सांडपाणी तपासलं जाणार.

पहिल्याच महिन्यात सात थेंब पडले. आता तूच सांग, उभा जन्म गणित शिकवलेला माणूस मी, एका मार्कासाठी कुणाचं वर्ष बुडवलं नाही. (त्याचं मूळ कुठे आहे हे तुला माहीत आहे. नववीत चौतीस मार्कांवर मला नापास करणारी बाई माझी सख्खी बहीण होती. आई तुझ्याशी आठ दिवस बोलत नव्हती.) म्हटलं, बिचारी खाडी एवढी धडपडतेय, आणि तक्त्यात आठ लिहिले. पुढच्या महिन्यात सहाच पडले, तेव्हा दोन वाढवले. एकदा सवय लागली की हात कुठे थांबतो? असे पाच महिने खाडी माझ्या ग्रेस मार्कांवर वरच्या वर्गात जात राहिली आणि मी प्रसन्न मनानं घरी येऊन चहा पीत राहिलो.

गेल्या रविवारी शिंपल्या काढणारी बाई धक्क्यावर आली. कंबरभर पाण्यात उभी राहून ती शिंपल्या काढते, त्यावरच तिचं घर चालतं. तिनं टोपली माझ्या पुढ्यात ओतली. निम्म्याहून जास्त मेलेल्या, तोंडं उघडी. म्हणाली, "मास्तर, तुमच्या कागदावर पाणी बरं आहे म्हणतात. मग ह्या कशानं मेल्या?" ताई, फार लाज वाटली गं. पोराला मार्क वाढवले तर पोर पास तरी होतं. इथे खाडी आजारी ती आजारीच राहिली, आणि माझ्यामुळे डॉक्टर बोलवायचा राहून गेला.

तिथल्या तिथे परिचारिकाबाईंना सगळं सांगून टाकलं. खरे आकडे लिहिलेली माझी पेन्सिलीची वहीही दिली. त्या ओरडल्या असत्या तर परवडलं असतं. त्यांनी शांतपणे माझ्या पाचही महिन्यांवर रेघ मारली. एकदा फिरवलेले आकडे वरती कुणी मानत नाही, म्हणजे तीन महिने आता पुन्हा पहिल्यापासून. माझ्या दयाळूपणापायी त्या बाईला आणखी तीन महिने मेलेल्या शिंपल्या. तिनं खाली बसून टोपली भरली आणि जाताना एवढंच म्हणाली, "या खेपेला नीट मोजा."

प्रकृतीला जप, पत्र लगेच फाडू नकोस.

तुझा,
धाकटा

ता.क. वर 'ठणठणीत' लिहिलंय त्यातही ग्रेस आहे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पहिल्या डोळ्याची शस्त्रक्रिया पुढच्या आठवड्यात. काळजी करू नकोस.

ता.क. दुसरा. डोळे सुधारतील, हाताचं सांगता येत नाही. सात पडल्यावर आठ लिहायला तो अजून शिवशिवतो. म्हणून तू तीन महिने इकडे राहायला ये. धक्क्यावर तुझ्यासाठी खुर्ची ठेवीन. सख्ख्या भावाला जिनं एक मार्क दिला नाही ती बाई मोजायला येतेय, असं मी शिंपलीवालीला सांगून बसलोय. त्या चौतीस मार्कांवरून पन्नास वर्षं तुला बोल लावला, तेवढा मागे घेतो. ये.