कुपीत आला चहाचा रंग

जयपूर, नोव्हेंबर २००९, गुरुवार. दिवेलागण.

आज रंग आला! दिवाळीला आली तेव्हा मधुरा समुद्रशेवाळाची पूड आणि चांदी विरघळलेल्या पाण्याची कुपी ठेवून गेली. म्हणाली, "आई, पुडीचा काढा करून यात घाल. चहासारखा रंग आला की चांदीचे बारीक कण झाले समज. त्यांचीच जखमेवरची पट्टी करतेय मी तिकडे रत्नागिरीला."

परवा थोडं करून पाहिलं. काढ्याला नळाचं पाणी घेतलं, तर सगळं पांढरं गढूळ. फोनवर लेक हसतच सुटली. "अगं आई, ते आपलं जयपूरचं खारं पाणी! स्कूटरच्या बॅटरीत घालतात ते आण." मग अर्धा तास समजावत बसली. एरवी दोन मिनिटांत ठेवते.

आज बॅटरीचं पाणी आणलं. आत्ता देवापाशी दिवा लावला, बघते तर कुपीत अगदी चहाचा रंग. पण दाखवू कोणाला? हे दौऱ्यावर.

फोन उचलला, ठेवला. रंग आला म्हटलं तर "शाब्बास आई" म्हणेल आणि संपलं. मग? देवासमोर बसून लिहितेय, लाज वाटते.

पुन्हा पांढरंच झालं, असं सांगणार आहे. देवा, एवढं सांभाळून घे.