वास येतोय का गं?

प्रिय मेहरुन,

फोन सोडून कागद कशाला, म्हणशील. अगं, फोन प्रशीलच्या खिशात असतो, आणि हे त्याच्या कानावर जायला नको. शेजारच्या आक्काबाई तुमच्या धुळ्यालाच लेकीकडे निघाल्यात, त्यांच्या हाती पाठवतेय.

रिक्षा विकून प्रशीलने घरातच गॅस भरून द्यायचं काम धरलंय, हे तुला ठाऊक आहे. घरगुती टाक्यांतला गॅस मोटार लावून रिक्षांमध्ये भरतो. मी दारात लाल ओढणी टांगली की बठ्ठी गल्ली, एकूण एक घर, शेगड्या विझवते. ज्योतीची भज्यांची कढई, हिलालभाऊंच्या इस्त्रीचे कोळसे, सगळं थंड. बदल्यात घरोघरी टाक्या ठेवायचं भाडं पोचतं, म्हणून कोणी चकार शब्द काढत नाही. हातावर पोट असलं की तोंडाला आपोआप कुलूप लागतं बाई.

गॅसचा वास पुरता गेला, असं मी म्हटल्यावरच ओढणी निघते आणि काडी ओढली जाते. माझ्या नाकावर गल्लीचा भरवसा! आठवतं, नशिराबादला तुमच्याकडे शीरखुर्म्याचं दूध तापायच्या आत मी वाटी घेऊन हजर? तुझी अम्मी म्हणायची, ही पोरगी नाही, मांजर आहे.

मेहरुन, मला फार भीती वाटते. मोटार सुरू झाली की विझलेली शेगडी पुन्हा पुन्हा जाऊन बघते. वरून हसते, ज्योतीची थट्टा करते.

पावसाळ्यात ताप आला ना, तेव्हापासून मला कसलाच वास येत नाही. वांगं भाजून कोळसा झालं तरी कळलं नाही. म्हणून आमची मित्रा आहे ना, तिला गुपचूप विचारायला लागले, वास येतोय का गं? सात वर्षांची माझी पोर, तिला खेळच वाटला. परवा ते प्रशीलने ऐकलं. चिडला नाही गं, त्याला वाटलं मी तिला शिकवतेय, खूश झाला! म्हणाला, लेकीने तुझं नाक घेतलंय, सोमवारपासून तिलाच मोटारीपाशी बसवू. तू रविवारी ये. तुझ्या शेहजादचा वाढदिवस सांग, काहीही सांग, पण तिला घेऊन जा. तिथल्याच शाळेत घाल. ती धुळ्याला पोचली की मी प्रशीलला खरं सांगेन. ती इथे असताना सांगितलं, तर माझ्या जागी तीच. परवापासून तिला विचारणं मी बंद केलंय, तोवर ओढणी अंदाजानेच काढतेय.

तुझीच मांजर,
समीक्षा