धाकटीचं बीपी

४ ऑगस्ट, सांगली
थोरली गेली. सकाळी. जुळ्यातली आधी आली म्हणून थोरली, एवढंच. हृदयात जन्मतःच दोष. मी काचेबाहेर. मशीनवर बीपी उतरत गेलं, औषधं देऊनही वर येईना. हे आणि माझा भाऊ तिला कापडात गुंडाळून घेऊन गेले. कुठं पुरली विचारलं नाही. धाकटी कुशीत आहे. पिते, झोपते. तिला काहीच माहीत नाही.

५ ऑगस्ट
सासूबाई गावाकडून, माणहून आल्या. आधी पदर तोंडाला लावला, मग माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "येक तर हाय न्हवं पदरात. रडू नगंस, दूध आटंल." खरंय. पण…
नर्सला विचारलं, हिचं बीपी का बघत नाही? म्हणाली, चांगल्या बाळाचं उगाच बघत नाहीत. थोरलीलाही पहिल्या दिवशी चांगलीच म्हणाले होते.

६ ऑ.
डॉक्टरीणबाईंच्या मागेच लागले. चिडल्या नाहीत. "बरं, बघू. पण आधी झोपू दे. रडताना आकडा वाढतो." झोपल्यावर दंडाला इवलासा पट्टा गुंडाळला. मग पायाला. वरचं अडुसष्ट, खालचं बेचाळीस.
सासऱ्यांचं दीडशे असतं. "एवढं कमी?"
"मोठ्यांशी तुलना नको गं. एवढ्या बाळाचं एवढंच असतं. मोठी होईल तसं वाढेल. हातापायाच्या आकड्यातही फरक नाही, हृदयाची सोनोग्राफी झाली आहे. ठणठणीत आहे ही."
"मग थोरलीचं कितीवर आलं होतं?"
त्या खाटेवर बसल्या. माझा हात हातात घेतला.

९ ऑ., घरी
गाडी माणात शिरली तशी सगळी रानं कोरडी. सासूबाईंनी दारात भाकरतुकडा ओवाळला, एकीवरूनच उतरायचा होता.
मी धाकटीच्या छातीवर सारखा हात ठेवते. श्वास मध्येच थांबल्यासारखा वाटतो, मग माझाच थांबतो.

११ ऑ.
ह्यांना तालुक्याला धाडून बीपीचं मशीन आणवलं. पट्टा मोठ्या माणसाचा. धाकटीच्या दंडाला कसला बसतोय, अख्खी धाकटी त्यात गुंडाळली असती. तरी मी आवळायला गेले. ह्यांनी हात धरला.
"सोड. दुखंल तिला."
"मग कळणार कसं?"
"तिच्याकडं बघ की. मशीनकडं काय बघतीस?"
मी ओरडले, थोरलीकडं बघतच होते ना मी! ते उठून शेळ्यांच्या गोठ्यात गेले. आतून हुंदका ऐकू आला. सांगलीत एकदाही रडले नव्हते.

१३ ऑ.
संध्याकाळी बारसं. चार घरच्याच बायका. उद्या हे परत मुंबईला, तिथल्या बाजारातलं काम किती दिवस सोडणार.
सातव्या महिन्यात आम्ही दोन नावं ठरवली होती, रेवा आणि गौरी. कुठली कोण ते ठरवलं नव्हतं, तोंडं बघून ठरवू म्हणालो होतो. आज एक नाव हिला दिलं की उरलेलं थोरलीचं होतं. तिसरंच ठेवावं तर दोन्ही तिच्याबरोबर…
सासूबाई दारात येऊन गेल्या. "आगं, बायका खोळंबल्यात. कानात काय सांगायचं?"
हे चौकटीला टेकून उभे. धाकटी मांडीवर, जागी.